तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते

लोक मला विचारतात, "तुमच्याकडं एवढे किस्से येतात कुठून?" मी म्हणते, मी काही गोळा करत नाही. माझ्या कामातच ते आपोआप साठत जातात, फ्रीजच्या मागं जाळं साठतं तसे.

माझं काम काय, तर जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या आणि डीव्हीडीवर उतरवून द्यायच्या. व्हीसीआरमध्ये कॅसेट लावायची, पिवळी-पांढरी-लाल पिन कॉम्प्युटरला जोडायची आणि कॅसेट चालू करायची. ती जशी वाजते तशी आत येते. तीन तासांची कॅसेट असेल तर तीन तास लागतात, त्यात घाई करताच येत नाही. आणि गिऱ्हाइकाला कॅसेट सोडून जायला धीर होत नाही. "एकच आहे हो, हरवली तर?" मग ते बसतात. समोर स्वतःचं लग्न चालू असताना माणूस तीन तास गप्प बसू शकतो का? मी तरी अजून पाहिला नाही.

आमचा स्टुडिओ परभणीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. मालक जब्बार चाचा. तीस वर्षं त्यांनी अख्ख्या जिल्ह्यातली लग्नं खांद्यावर कॅमेरा घेऊन शूट केली. त्यामुळं त्यांचा उजवा खांदा आजही डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. दुसरे गवळी काका. पूर्वीचे टीव्ही मेकॅनिक, आता आमचे तिन्ही व्हीसीआर तेच जिवंत ठेवतात. काका दिवसाला दहा शब्द बोलतात. त्यातले तीन 'स्पिरिट कुठं ठेवलं?' तिसरी मी. ताडकळसची, कॉम्प्युटरचा कोर्स करून इथं टायपिंगसाठी म्हणून आले, ती या खुर्चीतून अजून उठलेली नाही.

आता कुणी म्हणेल, आजकाल डीव्हीडी कोण बघतं? बघतात! पेन ड्राइव्ह हातात दिला की म्हातारी माणसं तो उलटासुलटा करून म्हणतात, "आन् लग्न कुठंय?" डिस्क दिली की समाधान होतं. चकाकते तरी.

*

सोनपेठचा एक जण आला. दारात मोटारसायकल, तीही चालूच. आत येऊन कॅसेट टेबलावर ठेवली.

"पटकन मारा. गाडी चालू ठिवून आलोय."

मी म्हटलं, "तीन तास लागतील."

"तीन तास? झेरॉक्सवाला तर दोन मिनिटांत देतो!"

"दादा, ही कॅसेट आहे."

"आवो ताई, तीन तासांत तर माझं अख्खं लग्न लागलं होतं!"

चाचा मागून म्हणाले, "हौ. तेच लागायलंय परत."

तो माणूस दोन मिनिटं विचार करत उभा राहिला आणि गाडी बंद करायला बाहेर गेला.

*

जिंतूरकडचं एक जोडपं. नवरा एका ऑफिसात क्लार्क, एकदम टापटीप. बायकोच्या हातात कॅसेट, तिच्यावर लाल शाईनं 'शुभविवाह' आणि खाली दोन रेघा मारून 'पुसू नये'.

बाई म्हणाल्या, "हे किती वर्षं झालं म्हणायलेत, कॅसेटला बुरशी लागली. मी म्हणलं, परभणीत बुरशी काढून देतेत म्हणं. म्हणून ट्रंकेतून मीच काढून आणली."

गवळी काकांनी कॅसेटचं झाकण उचललं. उजेडात धरून पाहिलं.

"बुरशी न्हाई."

नवरा म्हणाला, "असंल बघा. नीट बघा. आतून असंल."

"न्हाई."

कॅसेट लावली. आधी गणपती, मग सनई. मग हळद. बाईंच्या गालाला कुणीतरी हळद लावतंय, बाई खाली बघून हसतायत. हसतच मान वर उचलली आणि स्क्रीन एकदा फडफडला. तिकडून एक उंच माणूस चेंडू घेऊन पळत आला!

मॅच. अडीच तास नुसती मॅच. मधल्या जाहिरातींसकट.

चाचांनी चहा मागवला. नवरा कॅलेंडरवरच्या सुट्ट्या वाचत बसला. कॅसेट संपता संपता मॅच तुटली आणि पाठवणीची शेवटची चाळीस सेकंदं आली. त्यात बाई गाडीत बसल्या आणि संपलं.

बऱ्याच वेळानं बाईंनी विचारलं, "निदान जिंकलो तरी होतो का?"

नवरा म्हणाला, "हारलो."

बाईंनी सगळ्याची डीव्हीडी करून घेतली. मॅचसकट. तीन कॉप्या. त्यांना माहेरी तीन भाऊ आहेत.

*

एकदा माझ्या हातून घोळ झाला. दोन डिस्क, दोन्हीवर मार्करनं नावं टाकायची होती, ती उलटी टाकली. सोनपेठचं लग्न देवगाव फाट्याला गेलं आणि देवगाव फाट्याचं सोनपेठला.

आठ दिवसांनी सोनपेठचा मुलगा आला. म्हणजे चांगला पन्नाशीचा, पण आईच्या कामाला आला होता म्हणून मुलगा.

"मॅडम, डिस्क दुसऱ्याची हाय."

मी हजारदा माफी मागितली. विचारलं, "कधी कळलं?"

"काल."

"मग आठ दिवस?"

"आईनं चार दिवस बघितली. आईला वाटलं, वयामुळं आपल्याला माणसं वळखू येईनात. आमाला काई बोलली न्हाई. काल मी बघायला बसलो तवा कळलं."

मी लगेच देवगाव फाट्याला फोन लावला. त्यांची डिस्क अजून पिशवीतच होती. म्हटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी अदलाबदल झाली. पण सोनपेठचे दादा जाईनात. दारात घुटमळायला लागले.

"अजून काही?"

"न्हाई, म्हणजे... आईनं इचारलंय. त्या नवरीचं पुढं काय झालं? पाठवणीला लय रडत होती म्हणं ती. आईला चार दिवस घास गोड लागला न्हाई."

आता हे कसं विचारायचं? चाचा म्हणाले, "पूछते की. उसमें क्या?" त्यांनी फोन लावला. नेमका त्या नवरीनंच उचलला. ती आता दोन पोरांची आई, माहेरी आलेली. चाचांनी सगळं सांगितलं, की सोनपेठच्या एक आजी आहेत, तुमची काळजी करतायत.

ती म्हणाली, "त्यांना सांगा, मी लय बरी हाय. आन् म्हणावं, तवा नवी चप्पल चावायली होती."

दादांनी तिथूनच आईला फोन लावून निरोप दिला. स्पीकर चालू होता. तिकडून आजी म्हणाल्या, "मग खोबरेल लावायचं की आतून! एवढी माणसं होती मांडवात, एकाला कळू नये?"

*

एक जण पाच कॉप्या घेऊन गेला होता. वर्षानं परत आला, म्हणाला, "अजून चार द्या. लय गुण आलाय."

"कशाचा गुण?"

"ज्वारीत बांधल्यात. वाऱ्यानं फिरतेत, चमकतेत. एक पाखरू येत न्हाई."

चाचा म्हणाले, "त्याला लग्न कशाला पाहिजे? कोऱ्या घेऊन जा."

"कोऱ्या बी बांधून बघितल्या. कोऱ्याला पाखरं भीत न्हाईत." आणि गंभीरपणे म्हणाला, "ह्याच्यात सासरा हाय."

*

कॅसेटमध्ये जी माणसं दिसतात त्यांचं काही नसतं. खरा घोळ जी दिसत नाहीत त्यांचा.

एका घरची कॅसेट त्यांच्या व्हीसीआरनं आधीच खाल्ली होती. गवळी काकांनी चुरगळलेली चार बोटं फीत कापली, मागून पट्टी लावून जोडली आणि कापलेला तुकडा एका पाकिटात घालून ठेवला. चार बोटं म्हणजे दोन-अडीच सेकंद. काही बिघडलं नाही.

कॅसेट उतरवायला लावली तेव्हा नवरदेवाची आत्या आली होती. त्या घरात आत्याचा दरारा होता. आत्या पहिल्या खुर्चीत बसल्या. तासाभरानं म्हणाल्या, "मी कुठंय?" भाचा म्हणाला, "येताल आता तुमी." दुसऱ्या तासाला आत्यांनी चहा नाकारला. तिसऱ्या तासाला पदर खोचला. कॅसेट संपली. आत्या कुठेच नाहीत! हळदीत नाहीत, मांडवात नाहीत, पंगतीत नाहीत. तीस वर्षांपूर्वी आपणच शूटिंग केलेलं असल्यामुळं चाचा हळूच बाहेर पान खायला निघून गेले. चाचा पान खात नाहीत.

आत्या उभ्या राहिल्या. भाच्याचा चेहरा उतरला. आता ही बाई पुन्हा आपल्या उंबऱ्यात पाय ठेवत नाही, हे त्याला कळून चुकलं.

तेवढ्यात गवळी काका उठले. ड्रॉवरमधून ते पाकीट काढलं, आत्यांच्या हातात दिलं.

"ह्याच्यात हाय तुमी."

आत्यांनी फीत उजेडात धरली. तीत अर्थातच काही दिसत नव्हतं. फीत काळी असते.

"किती वेळ होते मी?"

"दोन सेकंद."

"बोलत होते का?"

"हो."

"मग मीच," आत्या म्हणाल्या. पाकीट कमरेच्या पिशवीत गेलं आणि चहा मागवला गेला.

*

दुसरा एक जण मात्र उलटंच काम घेऊन आला होता. मानवतकडचा शेतकरी, घरचं बरं. कॅसेट ठेवून म्हणाला, "याच्यातून माझ्या भावाला काढायचं."

मी विचारलं, "म्हणजे?"

"काढायचं म्हणजे काढायचं. वाटणी झाली, बोलणं बंद हाय. माझ्या घरात त्याचं तोंड नको. जिथं जिथं दिसंल तिथं कापा."

असली कामं येतात. कुणाला व्याही काढायचा असतो, कुणाला जुना मित्र. मी म्हटलं, "तुम्ही शेजारी बसा. भाऊ दिसला की बोट करा. मी खूण करून ठेवते."

बसला. बोट तयार ठेवूनच बसला होता. वरात आली, गेली. "ह्याच्यात दिसंल आता." नाही. अक्षता झाल्या. "आता आहेरात असंल." नाही. पंगत उठली. नाही. तीन तास त्या माणसानं बोट खाली घेतलं नाही, आणि बोट करायची एकदाही वेळ आली नाही.

कॅसेट संपली तेव्हा त्याचा राग वेगळ्याच जागी गेला होता. "बघा! सख्ख्या भावाच्या लग्नात हा माणूस फोटोपुरता बी मांडवात आला न्हाई! आन् मी एवढी वर्षं समजायलोय, की लग्नात तरी हा सोबत होता. कुठं हुंदडत होता काय म्हाईत!"

चाचा इतका वेळ डोळे बारीक करून स्क्रीनकडं बघत होते. म्हणाले, "तुमचं लग्न म्हणजे, तो विहिरीजवळचा मांडव? जनरेटर भाड्यानं आणलं होतं?"

"हो."

"त्या दिवशी माझा लाइटवाला आलाच न्हाई. ताप आला होता त्याला. एक पोरगा म्हणाला, मी धरतो. उंच होता, चेक्सचा शर्ट. हजार वॅटचा हॅलोजन, हाताला चटके बसायचे. रुमाल गुंडाळून धरला त्यानं. वरातीपासून पाठवणीपर्यंत. जेवायला बी गेला न्हाई." चाचांनी स्क्रीनकडं बोट केलं. "ये जो उजेड दिखरा ना, ये पूरा उसका हात है."

तो माणूस स्क्रीनकडं बघत राहिला. स्क्रीन निळा झाला होता, तरी बघत राहिला.

मी विचारलं, "मग कापायचं काहीच नाही. डिस्क बनवू?"

म्हणाला, "बनवा एक."

दारापर्यंत गेला, परत फिरला.

"एक म्हणलो होतो न्हवं? दोन बनवा."

*

आता घरचा किस्सा. सांगितल्याचं आबांना कळलं तरी हरकत नाही, ते स्वतःच सगळ्यांना सांगतात, फक्त वेगळ्या पद्धतीनं.

आबा म्हणजे माझे वडील. ताडकळसला शिक्षक होते. आमच्या वस्तीत जयंतीला दरवर्षी आबांचं भाषण असायचं. एका वर्षी चाचांना शूटिंगला बोलावलं होतं. त्या भाषणाबद्दल आबा आम्हाला लहानपणापासून सांगत आले: "मधेच लाइट गेली. माइक बंद, अंधार गुडुप. तरी मी बोलत राहिलो. आन् एक माणूस हालला न्हाई!"

हे वाक्य मी वर्षाला किमान सहा वेळा ऐकलं आहे. अभ्यासाला बसत नाही म्हणून रागावताना, जावयाशी पहिली ओळख करून देताना, बँकेत रांगेत.

ती कॅसेट सापडली. आबा-आई दोघंही ताडकळसहून आले. आबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, जणू भाषण आजच आहे. चाचा आणि आबांचं "जय भीम गुरुजी", "सलाम चाचा" झालं आणि मी कॅसेट लावली.

आधी मिरवणूक, मग हार, मग आबा. आबा तरुण, केस काळेभोर, आवाज खणखणीत. शिक्षणावर बोलतायत. समोर माणसं गच्च बसलेली. वीस मिनिटं झाली आणि स्क्रीन काळा झाला. मी घाबरून वायर हलवली. गवळी काकांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला.

आबा शांतपणे म्हणाले, "मशीन ठीक हाय. ती लाइट गेली. ऐका आता."

कॅमेरा बॅटरीवर होता, त्यामुळं आवाज येत होता. माइकशिवाय, लांबून. अंधारात आबा बोलतायत. आणि खरं सांगते, काय सुंदर बोलत होते! मुलींना शाळेत घाला, एक वेळ उपाशी राहा पण घाला. मी ज्या खुर्चीत बसले होते ती खुर्ची त्या अंधारातून आली आहे, असं मला वाटून गेलं. आठ-दहा मिनिटं हे चाललं. बाकी कसलाच आवाज नाही. खरंच, एवढी शांतता!

मग भक्कन लाइट आली.

समोर लांबच लांब सतरंजी. रिकामी. आणि तिच्या मधोमध, मांडी घालून, डोक्यावरून पदर घेतलेली एकटी आई.

मी आबांकडं बघायला धजले नाही.

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि म्हणाले, "मी काय सांगत आलोय? एक माणूस हालला न्हाई!"

आई म्हणाली, "हालणार कशी? सतरंजी आपली होती."

*

आणि हा मंगलचा.

मंगल आली तेव्हा तिच्याजवळ कॅसेट नव्हती. नवऱ्यानं तिला घराबाहेर काढून दुसरी आणली होती. हिनं कोर्टात दावा लावला, तर तो म्हणाला, "ही कोण? माझं हिच्याशी लग्नच झालं न्हाई." अल्बम त्याच्या घरात होता, तो गेला. लग्न लावणारे भटजी वारले. तिच्या माहेरची माणसं साक्षीला होती, पण ती माहेरचीच.

ती चाचांना म्हणाली, "चाचा, तुमीच शूटिंग केलं होतं. काई हाय का शिल्लक?"

चाचा गावाच्या नावावरून लग्न ओळखत नाहीत. त्यांनी विचारलं, "गोड काय होतं?"

"बालूशाही."

"उन्हाळा? आमरस संपला होता?"

"हो."

"बैठ बेटा."

आत जुन्या कॅसेटची पोती आहेत. दोन तासांनी चाचा धुळीनं माखून बाहेर आले, हातात कॅसेट. ती मिक्सिंग केलेली. मी डिस्क करून दिली आणि तिच्या वकिलांनी ती कोर्टात लावली.

तिथं चाचांची कला आडवी आली! त्या काळी मिक्सिंग म्हणजे नवरदेवाचा चेहरा बदामात, बदाम गरगर फिरतोय, मग नवरीचा चेहरा गुलाबात, मग दोन हंस. समोरचा वकील उठून म्हणाला, "साहेब, जो माणूस कॉम्प्युटरवर नवरदेवाला बदामात बसवू शकतो, तो त्याला मांडवातही बसवू शकतो!" साहेब म्हणाले, मूळ कॅसेट आणा आणि इथं चालवून दाखवा.

चाचा परत पोत्यात शिरले. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट दोन दिवसांनी सापडली. तारखेला जाण्याआधी आम्ही ती स्टुडिओत एकदा पूर्ण चालवली. मंगल शेजारी बसून होती. जेवणं झाल्यावर उखाण्याचा भाग आला. नवरदेव अडखळत, लाजत उखाणा घेत होता. मंगल म्हणाली, "एवढा एकच येतो त्याला. मांडवात मीच कानात सांगितला. पुढं सात वर्षं कुठंबी गेलं, कुणीबी 'नाव घ्या' म्हणलं, की हाच. झोपेतून उठवलं तरी हाच." गवळी काका व्हीसीआर पुसत होते.

तारखेच्या दिवशी व्हीसीआर गोधडीत गुंडाळून आम्ही तिघं एसटीनं तालुक्याच्या कोर्टात गेलो. टीव्ही लावला, मी वायरी जोडल्या, काका मशीनजवळ खाली बसले. मंगल पुढच्या बाकावर, मान खाली. नवरा वकिलाच्या मागं, पंख्याकडं बघत.

मांडव दिसला, माणसं दिसली, अक्षता पडल्या. वकील परत उठला. "साहेब, नवरदेवाच्या तोंडावर मुंडावळ्या आहेत. चित्र इतकं हलतंय की हा कुणीही असू शकतो. माझे अशील कशावरून?"

आणि खरंच, चित्र हलत होतं. चेहरा नीट ओळखू येत नव्हता. मंगलचे वकील कागद चाळायला लागले. मंगलनं बाकाची कड घट्ट धरली होती.

उखाणा आला. बायका ओरडल्या, "घ्या नाव, घ्या!" नवरदेव म्हणाला, "मांडवाच्या दारात आंब्याचा डहाळा..."

आणि कॅसेट थांबली.

नवरदेवाचं तोंड उघडं, त्यावरून एक पांढरी रेघ थरथरतेय. बाकी सगळं ठप्प. मी वायरी चाचपल्या. चाचांनी कपाळाला हात लावला. काका मशीनकडं नुसते बघत बसले. कोर्टात फक्त पंख्याचा आवाज.

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "पुढे?"

पंधरा सेकंद गेली असतील, वीस गेली असतील. सगळं कोर्ट त्या उघड्या तोंडाकडं बघत होतं. मग मागून, अगदी हळू, सवयीनं आल्यासारखा आवाज आला.

"मंगलचं नाव घेतो, साक्षीला गोतावळा."

सगळ्यांच्या माना वळल्या. वकिलानं डोळे मिटून घेतले. नवरा परत पंख्याकडं बघायला लागला होता, पण आता उशीर झाला होता.

साहेब म्हणाले, "उभे राहा. मोठ्यानं म्हणा."

तो उभा राहिला. म्हणाला.

साहेब टायपिस्टकडं वळले. "दोन्ही ओळी घ्या."

मंगलनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. त्याच्याकडं बघितलं नाही. टीव्हीवर थरथरणाऱ्या त्या मांडवाकडं बघत राहिली. पुढं निकाल तिच्या बाजूनं लागला.

त्या दिवशी बाहेर आल्यावर चाचांचा जीव भांड्यात पडला होता, पण राग गेला नव्हता. ते गवळी काकांवर घसरले, "तीस साल में ये मशीन कभी अटकी नहीं, और आज भरी कोर्ट में अटकी! काही झालं असतं तर?"

गवळी काका गोधडी बांधत होते. गाठ नीट बसली का ते ओढून पाहिलं.

"अटकली कुठं? पॉज दाबला होता."